काकूंची जोडणी

काकूंनी सोल्डरिंगची कांडी टेकवली, धुराची बारीक रेघ वर गेली आणि तारेच्या टोकावर कथलाचा चकचकीत थेंब बसला. कटकटकाका शेजारी बसून बघत होते. घरच्या रेडिओवरून मोर्सचे ठोके देत तासन्‌तास बसायचे, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलेलं. पण गेल्या वर्षी त्यांचे कान पार गेले. श्रवणयंत्रानंही हात टेकले. रेडिओवर फडका पडला तो पडलाच.

फडका काढला काकूंनी. त्या कपडे दुरुस्त करणाऱ्या. जन्मभर या रेडिओला सवत म्हणत आल्या, आणि आता त्याच सवतीची कॉम्प्युटरशी सोयरीक जुळवायला निघाल्या होत्या. रेडिओचा आवाज तारेनं साउंड कार्डात सोडला की ठोक्यांची अक्षरं होऊन पडद्यावर उमटतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

आधी तार थेट जोडली, तेव्हा पडदा नुसत्या पिवळ्या पट्ट्यांनी भरला. “सोड नाद,” काका म्हणाले. काकूंनी नाद सोडला नाही. एका यंत्राच्या विजेची गुणगुण दुसऱ्यात शिरते, मधे काहीतरी आडवं घालायला हवं, हे त्यांनी शोधून काढलं. मग जुन्या मोडेमच्या पोटातून गोटीएवढा ट्रान्सफॉर्मर काढला; कॉलर उसवावी तसा, आजूबाजूच्या कशालाही धक्का न लावता. आज तो दोन तारांच्या मधे बसला होता. काकांनी कथलाचा डाख नखानं हलवून पाहिला. स्वतः इतकी वर्षं डाख दिले, पण इतका सफाईदार त्यांना कधी जमला नव्हता.

काकू त्यांच्या समोर आल्या, ओठ वाचता येतील असं सावकाश बोलल्या. “आज रविवार. मास्तरांना लावा.”

मास्तर समुद्रापलीकडच्या एका बेटावर राहायचे. दर रविवारी दुपारी दोघांच्या मोर्सवर गप्पा. तोंड कधी पाहिलेलं नाही. कान गेल्याचं त्यांना कळवायला काकांचं मन धजलं नव्हतं.

“तो काय अजून वाट बघत बसलाय?” काका म्हणाले. तरी डायल जुन्या जागी नेली.

पडदा स्वच्छ होता. पट्ट्या गेल्या होत्या. काळ्या पाटीवर नुसता बारीक भुरभुराट. मग एक पांढरी तुटक रेघ उतरू लागली आणि खाली अक्षरं पडली. दोनतीन चुकीची, मग नीट. रेडिओवाल्याला हवेत अक्षरा-आकड्यांचं नाव असतं. हे मास्तरांचं होतं. आणि त्याच्या आधी, पुन्हा पुन्हा, काकांचं.

मास्तर हाक मारत होते.

काकांचा हात आपोआप मोर्सच्या बटणावर गेला. कान गेले तरी मनगट काही विसरलं नव्हतं. त्यांनी उत्तर ठोकलं, आता नव्या जोडणीवरून बोलतोय असं कळवलं आणि पडद्याकडे डोळे लावले. मग पलीकडून अक्षरं अशी धावत आली, की माणूस खुर्चीत सरसावून बसला असावा.

काकूंना ती रेडिओवाल्यांची तुटक, संक्षिप्त अक्षरं उलगडेनात. वर्षभर घरी कोण आलं, फोनवर कोण काय म्हणालं, ते सगळं काकांना त्याच सांगत होत्या. आज त्यांनी काकांच्या दंडाला हात लावून विचारलं, “काय म्हणतायत?”

“म्हणतोय, दर रविवारी हाक मारत होतो, कुठं उलथला होतास!” काकांचा आवाज खिडकीबाहेर गेला. “गुडघे दुखतायत म्हणतोय! आणि विचारतोय, ही नवी जोडणी केली कुणी!”

काकूंनी कांडीचं बटण बंद केलं आणि स्टूल जवळ ओढलं.

“हळू बोला,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू येतं.”