पोचलेली फाइल

आज सकाळी अपघातात गेलेल्या भास्कररावांच्या राखीव देहानं डोळे उघडले. त्यात रोजच्या आठवणींची फाइल पाठवायची, पडताळायची आणि मगच मूळ प्रत पुसायची, हे मृदुलाचं काम. काल कंटाळून तिनं नुसतं ‘पोचली’ एवढंच बघितलं आणि मूळ प्रत पुसून टाकली. फाइल कोरी निघाली.

“काकू, कालचा दिवस त्यांना आठवणार नाही,” तिनं कसंबसं सांगितलं.

“कालच तर वर्षभराचा अबोला सुटला गं आमचा!” सुनंदाबाई नवऱ्याकडे वळल्या. “अहो, बरं वाटतंय ना?”

भास्कररावांनी मान फिरवली. मृदुलाला म्हणाले, “हिला सांगा, चष्मा दे म्हणावं.”

सुनंदाबाईंनी पर्समधला चष्मा काढून मृदुलाच्या हातात ठेवला.

“त्यांना सांग,” त्या दमून म्हणाल्या, “घरी चला म्हणावं.”