छतावरचा स्क्रू

"मग विकूनच टाकू," पप्पा म्हणाले. जुन्या मिनीबसमध्ये पलंग आणि ओटा बसवून त्यांनीच आमचं फिरतं घर बनवलं होतं. तीन वर्षं ते पत्र्याच्या छताच्या सांध्यांवर सीलंट फासत होते, तरी मागे माझ्या उशीवर पाणी ठिबकायचंच. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

मी आईला उशीपाशी बसवलं, छतावर चढले आणि मागून पुढे मगाने पाणी ओतत गेले.

"आलं?"

"नाही गं."

सगळे सांधे पक्के निघाले. पार पुढे, काचेच्या वर ओतलं, तेव्हा आई म्हणाली, "थांब, आलं." आमच्या उतरत्या अंगणात गाडी नेहमी नाक वर करून उभी असते, त्यामुळे पाणी आतल्या प्लायवुडवरून मागे सरकत होतं.

तिथे गंजका स्क्रू होता. मी विचारलं, तर आई ओशाळली. "तो मीच मारला. दसऱ्याचं तोरण बांधायला."

"मी सांधे बुजवतोय," पप्पा म्हणाले, "आणि ही देवाच्या नावाने भोकं पाडतेय." मग त्यांनी गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

यंदा तोरण गाडीच्या बाजूच्या आरशांना बांधायचं, असं मी छतावरूनच जाहीर केलं. पप्पांनी खालून सीलंटची नळी वर दिली.