शहाणीची घंटी

एकोणीसशे बासष्ट साली, उन्हं तापायला लागली होती त्या दिवसांत, कत्तलखान्याच्या राखणदाराच्या बायकोला स्वतःच्या फणीत पांढरे केस सापडले. तिचं वय तेव्हा सव्वीस. केस आखूड होते, राठ होते आणि त्यांना शेळीचा वास येत होता.

"तुमच्या शहाणीला आता माझी फणीही लागते का?" तिने विचारलं.

"गोचिड झालेत तिला," नवरा म्हणाला आणि डबा दुपारी आणून दे सांगून कामावर गेला.

शहाणी ही कत्तलखान्याची शेळी. लॉरीतून उतरवलेल्या मेंढ्या फळ्यांच्या चढापाशी आल्या, की वरून येणाऱ्या वासाने पाय रोवून उभ्या राहायच्या. मारा, ओढा, हलायच्या नाहीत. मग शहाणीला पुढे सोडायचं. गळ्यातली पितळी घंटी वाजवत ती सावकाश चढायची आणि तिच्या मागोमाग सगळ्या. वरच्या दाराआड वाफेने काही दिसत नसे. आतला खाटीक घंटीच्या आवाजावर बाजूच्या लहान फाटकाची कडी काढायचा. शहाणी तेवढी बाहेर पडायची आणि मागच्या उताराने खाली यायची. खाली राखणदार तळहातावर मिठाचा खडा घेऊन उभा असायचा. दिवसातून चार खेपा, अशी सहा वर्षं.

बायको तीन दिवस तापाने फणफणली होती, तेव्हा हाच माणूस दारातूनच चहा झाला का विचारून गेला होता. शहाणी एकदा खोकली, तर तिच्यासाठी ओव्याचं पाणी उकळलं गेलं, तेही हिच्याच पातेल्यात. नळावर शेजारीण म्हणायची, "दोन पायांची सवत परवडते गं, तिच्याशी भांडता तरी येतं." बायका हसायच्या. हीही हसायची आणि घरी येऊन भांडी आदळायची.

त्या दुपारी ती डबा घेऊन आली, तेव्हा नवरा लॉरीपाशी ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता. शहाणी चढाच्या तोंडाशी त्याच्या हाकेची वाट बघत उभी. पाठीवरचे केस विंचरून दोन्ही बाजूंना चापूनचोपून बसवले होते, मधोमध सरळ भांग. हिने तो भांग पाहिला. मग गळ्यातला पट्टा सोडला आणि घंटी डब्याच्या पिशवीत टाकली.

जीव घ्यायचं तिच्या मनात नव्हतं, असं ती पुढे आयुष्यभर स्वतःला सांगत आली. घंटी नसली की मेंढ्या मागे जाणार नाहीत, चारचौघांत शहाणीची शोभा होईल, नवऱ्याला साहेबाची बोलणी बसतील, एवढाच बेत.

पण मेंढ्या निघाल्या. त्यांना घंटी लागतच नव्हती. पुढे कुणीतरी चालणारं लागत होतं.

वर पोचल्यावर शहाणी रोजच्यासारखी लहान फाटकाशी थांबली. कडी निघाली नाही. मागच्या मेंढ्या तिला रेटायला लागल्या. तिने मान वळवून खाली पाहिलं. खाटकाला एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. हिने तोंड उघडलंही. तेवढ्यात कळपाच्या मागून नवऱ्याचा आवाज आला. लग्न झाल्यापासून असा आवाज हिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता.

"चल माझी शहाणी. चल बाय माझी."

हिने तोंड मिटलं.

नवरा मागच्या उताराशी जाऊन हात पुढे करून उभा राहिला. बराच वेळ राहिला. घामाने मीठ विरघळायला लागलं, तेव्हा त्याने हात पँटीला पुसला आणि वर गेला.

शनिवार होता. कामगारांचा मांसाचा वाटा घेऊन तो संध्याकाळी घरी आला, कागदाचं पुडकं तिच्यापुढे ठेवलं. तिने नेहमीसारखं शिजवलं, वाढलं. त्याने ताट सरकवलं.

"आजवर सगळं अनोळखीच खाल्लं," तो म्हणाला. "तू खा."

"रोज दोनशे जातात," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी नाही कधी ताट सरकवलंत."

त्याने जरा विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "नाही सरकवलं."

तिने खाल्लं. न खाणं म्हणजे कबूल करणं झालं असतं. ती जेवत असताना त्याने उठून पिशवीतली घंटी काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराला बांधली.

आतल्या खाटकाचा काही दोष नव्हता, पण त्याने वर्षभरात काम सोडलं आणि लेकीच्या गावी भाजी विकायला बसला. शेजारणीला आपली थट्टा पुढे आठवतसुद्धा नव्हती. राखणदाराने महिन्याभरात दुसरी शेळी तयार केली, तिला नाव ठेवलं नाही. निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं, मांसाला मात्र शिवला नाही. बायकोशी पुष्कळ नीट वागायचा. ती आजारी पडली तर उशाशी बसायचा, केससुद्धा विंचरून द्यायचा. मुकाट्याने.

ती त्याच्यामागे बावीस वर्षं जगली. घंटी तिने काढली नाही. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनात. वाऱ्याने घंटी वाजली की ती उठायची, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थांबायची आणि मान वळवून मागे बघायची. सून हाताला धरून म्हणायची, "चला ना आई, दार उघडंच आहे." ती हलायची नाही. कुणीतरी कडी काढेल म्हणून तशीच उभी राहायची.