पडद्यामागचं मिनिट

"डाव्या कुशीवर व्हा, मॅडम. गुडघे पोटाशी घ्या," बद्धकोष्ठाच्या तपासणीची टेक्निशियन करिष्मा म्हणाली.

प्रेमिला मॅडम वळल्या, पण उपकार केल्यासारख्या. गांधीबागेजवळच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी सहावी सांभाळली होती. वळा, बसा, गप राहा हे सांगायचं काम त्यांचं. ऐकायचं नव्हे.

"दुखते काय?"

"नाही. मागच्या बाजूनं आत जाते ती पेन्सिलीपेक्षा बारीक नळी आहे, टोकाला छोटा फुगा. मी सांगेन तेव्हा आवळायचं, सैल सोडायचं. आतला दाब किती, ते इथं स्क्रीनवर दिसते. बेशुद्ध करत नाही. अर्ध्या तासात तुम्ही मोकळ्या, अन् घरी जाता जाता वाटलं तर तर्री-पोहे."

मॅडमना हसू आलं. सगळ्यांना येतं. करिष्मा हे दिवसातून पाच वेळा बोलायची. पेशंट लाजेनं अर्धमेले होऊन यायचे आणि तिच्या बोलण्यानं सैल पडायचे. डॉक्टर म्हणायचे, ही खोली मशीनवर नाही, करिष्माच्या तोंडावर चालते. तोंड तर बिचारं दिवसभर मास्कमध्ये!

नळी आत गेली.

"आवळा. सोडा. छान. आता सिरिंजनं फुग्यात हवा भरते. पहिल्यांदा जाणवलं की हात वर करा. संडासला जावंसं वाटलं की पुन्हा. मी लगेच थांबते."

"हात वर?" मॅडम खुदकन हसल्या. लाज झाकायला माणसं बोलत सुटतात, तशा त्याही सुटल्या. "हे तर माह्या वर्गातल्यासारखंच झालं. एक पोट्टी होती, सहावी ब. शनिवार होता, पीटीचा पांढरा ड्रेस. हात वर करून बसली. मी म्हटलं, नाटकं नको करू, बेल होऊ दे. तर काय वं, बाकावरच! पोट्टे इतके हसले, इतके हसले, मलेही आवरे ना. पिवळी नाव पडलं तिचं. खरं नाव बी नाही आठवत आता."

करिष्माचा अंगठा सिरिंजवर थांबला.

तिला सगळं आठवत होतं. बाक तिसरा. हात वीस मिनिटं वर. उजवा दुखायला लागला तेव्हा तिनं डावा वर केला होता. सातवीला तिनं शाळा बदलली, पण नाव तिच्याआधी तिथं पोचलं होतं. दहावीच्या निरोप समारंभातही कोणीतरी मागून ओरडलंच.

मॅडमचा हात वर झाला. करिष्मा थांबली. पुन्हा वर झाला, पुन्हा थांबली. सिरिंजवरची एक रेघसुद्धा जास्त सरकली नाही. मग तिनं नळी अलगद काढून घेतली.

"गुणाची पोरगी आहेस, बेटा," मॅडमनी सुस्कारा सोडला.

"आता शेवटचं. पाण्यानं भरलेला छोटा फुगा आत ठेवते. पडद्यामागं कमोडवर बसून तो बाहेर ढकलायचा. एक मिनिट. नाही निघाला तर मी काढून देते. तुम्ही ओढायचा नाही."

मॅडम बसल्या. पडद्याखालून त्यांची पावलं तेवढी दिसत होती. जोडव्यांची बोटं फरशीवर आवळलेली.

"झालं का वं मिनिट?"

"नाही, मॅडम."

बाहेर कोणीतरी पुढचा नंबर पुकारला. मग परत पुकारला.

"आता?"

"जोर लावा."

"लावून राहिली न! नाही निघत. पायाले मुंग्या आल्या. काढ न, बेटा. काहून इतका वेळ लागून राहिला?"

"बेल होऊ द्या, मॅडम," करिष्मा म्हणाली. पडद्यामागचं कण्हणं थांबलं. मग मॅडमचा आवाज आला, एकदम लहान झालेला.

"पिवळी?"

करिष्मानं मास्क खाली केला. बघायला कोणी नव्हतं, तरी केला.

"ऐक न बेटा. त्या शाळेत मास्तरणींसाठी संडासच नव्हता. पोट्ट्यांच्या रांगेत मी कशी उभी राहू? एकतीस वर्षं दाबून ठेवलं. डॉक्टर म्हणते, त्यानंच हे दुखणं लागलं. तुम्ही पोट्ट्या उड्या मारत जायच्या, अन् मी बेलची वाट पाहत बसायची. मले पाहवत नव्हतं वं. तुले मुद्दाम बसवलं मी." आवाज तुटला. "माफ कर. आता काढ."

पडद्याच्या कडेनं एक हात बाहेर आला. सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा. तो हळूहळू वर गेला. वरच राहिला.

करिष्मानं त्या हाताकडे पाहिलं. पुरतं पाहून घेतलं. मास्क पुन्हा नाकावर चढवला आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं. त्यावर नुसती शून्यं होती.

"बसा, मॅडम," ती त्याच गोड आवाजात म्हणाली. "मिनिट आता सुरू होते."