चिमट्याचं माप

"दुकानातली जागा खाली सोडू नको वं रक्षा. खाली जागेवर कोनी ना कोनी बसतेच."

बाळंतपणाला माहेरी निघताना सासूबाई, कुंताबाई, म्हणाल्या होत्या. रक्षा हसली होती. एक लेथ मशीन आणि लोखंडाचा कीस, तिथे कोण येऊन बसणार?

आता तिथे कामाला ठेवलेली खुशबू बसत होती.

लाखनीच्या हायवेला रक्षाचा नवरा धर्मेंद्र याचं दुकान. सायकलीच्या पुढच्या चाकाचा चिमटा जुना असला की मापात नसतो. लेथवर छिलून त्याला ठरल्या मापाला आणायचं, म्हणजे बाजारातली बेअरिंगची कटोरी त्यावर घट्ट बसते. एवढंच काम. त्याला दोन डोकी एका दिव्याखाली कशाला? खुशबू माप घ्यायला व्हर्नियर लावायची आणि धर्मेंद्रच्या कानाशी लागायची. तो मान डोलवायचा. मशीनच्या आवाजात रक्षाला काही ऐकू येत नसे. बाळाला कडेवर घेऊन ती दारात उभी राही. खुशबूची नवी ओढणी, खुशबूच्या डब्यातली भाजी, सगळ्यावर तिची नजर.

मग तिने खुशबूचं काम तपासायला घेतलं. बी.एस्सी. होती, व्हर्नियर तिलाही वाचता येत होता. दुकान झाडता झाडता एकेक चिमटा मोजायची. एकही चुकत नव्हता. त्याचाच जास्त राग यायचा.

सोमवारी सकाळी सापडला. मुळाशी नको तेवढा छिललेला. ढिली कटोरी बसावी म्हणून खाली डब्याच्या पत्र्याची पट्टी कोंबलेली. रक्षाला दिवाळी झाली.

"घ्या, पाहा तुमच्या हुशार पोरीचं काम! असा चिमटा चालत्या सायकलीत तुटते, समजलं?"

खुशबूचा चेहरा उतरला. "वहिनी, काल मी सुट्टीवर होती. भाऊनं एकट्यानंच केला तो." ती धर्मेंद्रकडे वळली. "सांगून टाका न भाऊ आता. मी कवापर्यंत कानात आकडे वाचत राहू?"

"कायचे आकडे?"

धर्मेंद्र खाली बसला. "पावसाळ्यात कीस उडाला उजव्या डोळ्यात. डावा तर लहानपणापासूनच कमजोर. व्हर्नियरच्या रेघा दिसतच नाही मले. तू बाळंतीण होती. तुले सांगू कसा?"

रक्षाने एकदम विचारलं, "काल किती केले?"

"दोन."

"दुसरा?"

"नेला. कोंढ्याचे सुखराममामा, चिमटा पोत्यात घालून एसटीनं आले होते. सोमवारपासून नातीले दांडीवर बसवून शाळेत नेतो म्हणत होते. फोन नंबर नाही घेतला मी."

जे बाळ ती खुशबूच्या सावलीलाही जाऊ देत नव्हती, ते तिने खुशबूच्याच हातात दिलं आणि समोर आलेली एसटी पकडली.

ती अजून रस्त्यात आहे. तुमच्यापैकी कोणी कोंढ्याच्या जवळ असेल, तर आधी सुखराममामांच्या दारात डोकावून या. पोरगी पायी शाळेत गेली का, तेवढं बघा.