रवणीवरची कोंबडी

सुनीलनं कोंबडी पंखांना धरून बादलीवर नेली, तेवढ्यात रंगूबाई पडवीतून कडाडली, "बुडवलीस तर बघ! ठेव तिला खाली."

"अगं आई, खुडूक झालीय ती, अंडी द्यायची सोडून नुसती बसून राहते. गार पाण्यात दोनदा बुचकळली की खुडूक उतरते. मोबाईलवर दाखवतात."

"मोबाईलला पिल्लं झाली का रे कधी?"

सुनीलनं हात सैल केला. कोंबडी पिसं फुलवून कुडुक-कुडुक करत थेट खुराड्यातल्या रिकाम्या टोपलीत जाऊन बसली. रंगूबाईनं तिच्याखाली हात घातला तर कचकन टोचली. पोट चांगलं तापलेलं. पक्की खुडूक. रंगूबाईला तिचं कौतुकच वाटलं.

भांडण कोंबडीचं नव्हतंच. सुनीलला उमरठजवळचं हे घर एका फार्महाऊसवाल्याला भाड्यानं द्यायचं होतं आणि आई-बायकोला मुंबईच्या खोलीवर न्यायचं होतं. रंगूबाईला जीव गेला तरी हा उंबरा सोडायचा नव्हता.

"तिला मी रवणीवर बसवणार, अंडी उबवायला," ती म्हणाली. "ज्या हातानं अंडी ठेवली त्याच हातानं पिल्लं उचलायची, ही आपल्या घरची रीत हाय. पिल्लं निघाली की येते तुझ्या मुंबईला. तोवर हलायची नाय."

म्हणजे तीन आठवडे. फार्महाऊसवाला तेवढा थांबणार होता. सुनील कबूल झाला.

संध्याकाळी सून सेजलनं सुपातून अंडी आणून दिली. "निवडून घेतलीत, आई." रंगूबाईनं ती पेंढ्यावर मांडली आणि कोंबडीनं चोचीनं एकेक पोटाखाली ओढून घेतलं.

सुनील मुंबईला कामावर परतला. सेजल दुसऱ्याच दिवसापासून भांडी गोणीत भरायला लागली. रंगूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल आलेली पोर, नळाच्या पाण्याला भुलली! या घरात आपल्या बाजूनं एक कोंबडी सोडली तर कोणी नाही, हे तिला चांगलंच कळलं.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आठवड्यानं सेजलनंच अंडी बॅटरीच्या उजेडात धरली.

"आत पिल्लांच्या शिरा दिसतायत, आई."

रंगूबाईनं बोटांवर उरलेले दिवस मोजले. पिल्लं येणार म्हणजे निघावं लागणार. तरी कोंबडीच्या दाण्यापाण्यात तिनं कसूर केली नाही. दिलेला शब्द मोडायचा नसतो आणि बसवलेली कोंबडी मध्येच उठवायची नसते.

तीन आठवडे भरले तसा सुनील टेम्पो घेऊन आला. टोपलीत चिवचिव नव्हती.

"अजून दोन दिवस बघू," रंगूबाई म्हणाली. दोनाचे चार झाले. कोंबडी हटेना, रंगूबाई हटेना. शेवटी फार्महाऊसवाल्याचा फोन आला. त्यानं शिवथरला दुसरं घर बघितलं होतं.

सुनीलनं रागानं कोंबडीखालचं एक अंडं ओढलं आणि अंगणातल्या धोंड्यावर आपटलं. कवच फुटलं. आतून वास मारणारा घट्ट पिवळा गोळा निघाला.

"उकडलेलं! आई, तू केलंस हे?"

"मी केलं असतं तर ताठ मानेनं सांगितलं असतं. तुला भिते काय रे मी?"

"मग काय कोंबडीनं उकडली?"

सेजल पदराला हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"आईंना बोलू नका. मला नाय जायचं मुंबईला. अंडी मी उकडली."