नापास कसं सांगायचं

"तुम्हाला गाडी येत नाही. घरी जा," लेक म्हणाली.

"अगं, असं दगड मारल्यासारखं बोलतात का?" बाबांनी गाडी कडेला घेतली. "म्हणून तर त्या बाईंनी तक्रार केली. सोमवारी साहेब शेजारी बसून तुझं काम बघणार आहेत ना? त्यांच्यापुढेही हेच केलंस, तर नोकरी गेलीच म्हणून समज."

लेक वाहन परवान्याची परीक्षा घ्यायची. लहानपणी घरी आलेल्या पाहुण्यांना दारातच "कधी जाणार?" विचारणारी ही. परीक्षेला आलेली एक बाई तिच्या बोलण्याने म्हणे ढसाढसा रडली होती. लेकीनेच घरी येऊन हे सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, मला बोलायला शिकवा." तेव्हापासून निवृत्त ग्रंथपाल असलेले बाबा रोज सकाळी उमेदवार होऊन गाडी चालवत, मुद्दाम चुकत, आणि लेक त्यांना नापास करायचा सराव करी.

"आधी चांगलं ते सांग. मग 'चुकलात' न म्हणता काय घडलं तेवढंच सांग. आणि पुढचा मार्ग दाखव."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं नाही गं. जपून."

बोलताना त्यांनी नजर चुकवली. काल वळणावर एक सायकलवाली त्यांना दिसलीच नव्हती. लेकीने हँडब्रेक खेचला म्हणून निभावलं. "मुद्दाम केलं," असं ते म्हणाले, वर हसलेही. तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. पण खरं सांगितलं तर गाडी जाणार. मग वाचनालय, मित्र, सगळंच सुटणार. लेकीला शहाणपण शिकवतोय, आणि चोर आपणच.

"चल, आता शेवटची परीक्षा."

चौक त्यांनी सरळ पार केला. दिवा लाल होता, हे चारी बाजूंनी हॉर्न वाजल्यावर कळलं.

"मुद्दाम..." ते पुटपुटले.

लेक ओरडली नाही. तिने गाडी कडेला घ्यायला लावली.

"दर वळणाला तुम्ही आरसा बघता. हातही स्थिर आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण लाल दिवा दिसला नाही. काल ती सायकलवालीही दिसली नाही. कुणाचा जीव जाण्याआधी थांबू या. वाचनालयात मी सोडत जाईन."

तिने किल्ली काढून आपल्या पर्समध्ये टाकली.

बाबांनी सीटबेल्ट सोडला. तरी मास्तरकी सुटेना. "शाब्बास," ते कसेबसे म्हणाले. "त्या तक्रारवाल्या बाईंना असंच सांगितलं असतंस, तर..."

"कुठल्या बाई, बाबा? तक्रार कुणीच केली नव्हती."